सरकारी औषध-खरेदीचे दर जनतेपुढे ठेवा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,

15 ऑगस्ट 2023 पासून आपल्या विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतले उपचारखर्चाचे संरक्षण दीड लाख रुपयांवरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णयही त्याच वर्षी झाला. या निर्णयांचा मला मनापासून आनंद आहे. मात्र हा खर्च जनतेच्या करातून होत असल्याने, त्यातले किती पैसे औषधाला लागतात आणि किती औषध कंपन्यांच्या व मधल्या साखळीच्या नफ्यात जातात, हे कळण्याचा आम्हाला हक्क आहे.

1995 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात किंमत उत्पादनखर्चावरून ठरत असे. 2013 च्या आदेशाने ती पद्धत सोडली. आता सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतील औषधाची कमाल किंमत काढताना बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या उत्पादनांच्या दरांची सरासरी घेतली जाते आणि तीत किरकोळ विक्रेत्याचे 16 टक्के मिळवले जातात. मुळात बाजारच चढा असेल तर ही मर्यादाही चढीच निघते. गोळी बनवायला खरोखर किती खर्च आला, हा प्रश्न हिशेबात येतच नाही. हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीचे, म्हणजे स्टेंटचे काय झाले, ते आपण जाणताच. लाखाच्या पुढे विकल्या जाणाऱ्या औषधलेपित स्टेंटची किंमत फेब्रुवारी 2017 मध्ये 29,600 रुपयांवर आणली गेली, तेव्हा मधली साखळी किती खात होती हे देशाला दिसले.

राज्य सरकार हे मोठे गिऱ्हाईक आहे आणि एकत्रित खरेदीने दर उतरतात, हे तामिळनाडूने 1990 च्या दशकापासून दाखवून दिले आहे. आपल्याकडे खरेदी हाफकिन या राज्य सरकारच्या महामंडळाकडे गेली आणि पुढे 2023 च्या कायद्याने त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण आले. तरीही साठा संपला की स्थानिक खरेदी होते, ती चढ्या दराने. तीही जमली नाही तर रुग्णाच्या हाती बाहेरून औषध आणण्याची चिठ्ठी पडते. सोलापूरच्या पूर्व भागात दिवसभर विड्या वळणारी बाई ती चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जाते, दहा गोळ्यांच्या पाकिटाची किंमत विचारते आणि चारच गोळ्या कापून घेते. मोफत उपचाराचा खर्च तिने करातून एकदा दिलेला असतो, इथे ती तो पुन्हा देते.

दर अवाजवी पाडले तर पुरवठा आटतो, हेही मला मान्य आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्राने आठ जुन्या औषधांच्या कमाल किमती 50 टक्क्यांनी वाढवल्या, त्या याच कारणासाठी. पुरवठादारांची बिले थकली की ते पुढच्या निविदेत थकबाकीचे व्याजही धरतात, तेव्हा देयके वेळेवर देणे हाही दर उतरवण्याचाच उपाय आहे.

म्हणून माझी मागणी अशी की, प्राधिकरणाने घेतलेल्या प्रत्येक औषधाचा दर, नग आणि पुरवठादाराचे नाव दरमहा संकेतस्थळावर द्यावे आणि त्याच औषधाच्या स्थानिक खरेदीचा जिल्हानिहाय दर शेजारच्या रकान्यात मांडावा. जन आरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये, म्हणजे एकेका उपचारासाठी ठरवलेल्या एकत्रित रकमेत, औषधे व उपकरणांसाठी किती रक्कम धरली आहे, तेही जाहीर करावे. याची सुरुवात सोलापूर जिल्ह्यापासून करावी, ही विनंती.

आपला,
एक सोलापूरकर करदाता