आई-बाबा, राजीनामा देऊन आले

ती. आई-बाबांना,
शि. सा. न.

फोनवर बोलायचा धीर झाला नाही, म्हणून लिहितेय. सोमवारी कंपनीत राजीनामा दिला. नोटिशीचा महिना भरला की चुनाभट्टीच्या एनएसटीआयमध्ये, म्हणजे राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत, फिटर ट्रेडचं सीआयटीएस, म्हणजे आयटीआयमध्ये शिकवणाऱ्या निदेशकांचं वर्षभराचं प्रशिक्षण. प्रवेश परीक्षा तुम्हाला न विचारता दिली. आई, तू काय बोलायचं ते बोल, मी ऐकेन. पण बाबांचा बीपी मोजून झाल्यावरच हे पत्र त्यांच्या हातात दे.

आधी पैशाचं. पीएफला हात लावलेला नाही. औषधांचे पैसे ५ तारखेला येतात तसेच येतील, वर्षभराचे बाजूला काढून ठेवलेत. चेंबूरला तिघीजणींत खोली घेतलीय, पाणी सकाळ-संध्याकाळ, खाली पोळी-भाजीचं केंद्र. चुनाभट्टी तिथून तिसरं स्टेशन. गोधडी नेणार आहे. मेतकूट पाठवायचंच असेल तर पाठव, नको म्हणणार नाही.

आता बाबांसाठी. ‘काम येतंय ना हातात, मग परत शाळेत कशाला’ हे तुम्ही म्हणणार. काम येणं आणि ते दुसऱ्याच्या हातात उतरवणं, हे दोन वेगळे ट्रेड आहेत. हे आजकालचं फॅडही नाही. निदेशक घडवायची पहिली केंद्रीय संस्था बिलासपूरजवळ कोनीला १९४८ सालीच निघाली, आयटीआयची योजना त्यानंतर दोन वर्षांनी आली.

या कोर्सचे दोन भाग. एक ट्रेडचा, तो तुमच्या ओळखीचा. दुसरा ट्रेनिंग मेथडॉलॉजी, म्हणजे शिकवायचं कसं ते, खरी परीक्षा तिथे. प्रत्येक तासाचा पाठ आधी कागदावर: पूर्वतयारी, सादरीकरण, उपयोजन, मूल्यमापन. नवख्याचा पाठ पहिल्याच ओळीत फसतो, कारण तो उद्दिष्ट लिहितो, ‘विद्यार्थ्यांना फाइलिंग (कानस मारणं) समजेल’. समजलं की नाही हे मोजणार कशानं? लिहायचं असं: ‘दिलेल्या एम.एस. (माइल्ड स्टील) पट्टीची कड ±०.५ मि.मी.मध्ये सपाट करील आणि गुण्या उजेडाकडे धरून तपासील.’ गुण्याखालून उजेड दिसला की चूक कुठे आहे ते मुलाला स्वतःच कळतं, ओरडावं लागत नाही.

प्रात्यक्षिक दाखवण्याचाही क्रम असतो. आधी नेहमीच्या वेगानं एकदा, एक शब्द न बोलता. मग सावकाश, प्रत्येक पायरीचं नाव घेत. मग एका मुलाला पुढे घेऊन त्याच्याकडून करून घ्यायचं आणि पायऱ्या त्यानंच सांगायच्या. त्यानंतर सगळे आपापल्या व्हाइसवर, म्हणजे काम घट्ट पकडणाऱ्या शेगड्यावर. बॅचला २० जण, सगळे समोर गोळा झाले तर निम्म्यांना निदेशकाची पाठ दिसते, म्हणून उभं कुठे राहायचं तेही योजनेत लिहायचं. व्हाइसचा जबडा मुलाच्या कोपराच्या उंचीला हवा. उंची चुकली की कानस डुलते, मधे पोट उरतं आणि आपण म्हणतो पोराचा हातच बसत नाही. दाबाचं तर कुणी सांगतच नाही. सुरुवातीला डाव्या हाताचा जास्त, मध्यावर दोन्ही सारखे, शेवटी उजव्याचा जास्त, आणि परत येताना दाब शून्य. कानशीच्या दातात कीस अडकून ओरखडे उठायला लागले की फाइल कार्डनं, म्हणजे तारेच्या ब्रशनं, साफ करून खडू फिरवायचा.

बाबा, हे सगळं तुमच्या हातांना माहीत आहे. ऑफ सीझनला मिलच्या ब्रासला, म्हणजे बेअरिंगला, निळा रंग लावून स्क्रेपिंग करताना, टेकणारा भाग खरवडताना, तुम्ही नुसतं बोट फिरवून सांगायचात कुठे टेकतंय ते. पण कसं कळलं विचारलं की ‘बघ ना नीट’. बघत होते हो मी. पडवीतल्या व्हाइसपाशी पाटावर उभी राहून, आईचा जुना पदर कंबरेला बांधून. त्या दुपारचं पुन्हा काढत नाही. तुमचं शिकवणं वाईट होतं असं तर मुळीच नाही. जे हाताच्या अंगवळणी पडतं ते तोंडातून निघून जातं, सगळ्याच चांगल्या कारागिरांचं असं होतं.

त्यासाठी सूक्ष्म अध्यापन असतं. समोर पाच-दहा जण, कौशल्य एकच धरायचं, नुसतं प्रश्न विचारणं किंवा नुसतं फळालेखन. आपल्याकडच्या चक्रात ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रतिक्रिया, १२ मिनिटं फेरआखणी, पुन्हा ६ मिनिटं पाठ आणि ६ मिनिटं प्रतिक्रिया. ‘समजलं का?’ हा प्रश्नच मोजत नाहीत, कारण त्यावर सगळा वर्ग ‘हो’ म्हणतो.

आणि सगळी पोरंच नसतात. आयटीआयला किमान वय १४, वर मर्यादा नाही. चाळिशीच्या माणसाला चारचौघांत ‘असं नाही’ म्हटलं की तो दुसऱ्या दिवशी येतच नाही. त्याला आधी विचारायचं, तुम्ही आजवर कसं करत होता? मग त्याच्याच पद्धतीतली एक पायरी बदलायची, एका दिवशी एकच.

सर्टिफिकेट म्हणजे नोकरी नव्हे, हे मला ठाऊक आहे. सरकारी आयटीआयतल्या शिल्प निदेशकांच्या भरतीची जाहिरात कधी निघेल ते आपल्या हातात नाही. तोवर खासगी आयटीआय आहेत, पगार आतापेक्षा कमी असेल. काकांना आत्ताच काही सांगू नका, मी दिवाळीत सांगेन.

आता माझं ऐकायचं. बाबा, डोळ्यांच्या दोन बाटल्यांच्या थेंबांत पाच मिनिटांचं अंतर ठेवा, लागोपाठ घातले तर दुसरा पहिल्याला धुऊन नेतो. डॉक्टर हो म्हणेपर्यंत ग्राइंडर लावायचा नाही, चष्मा घालूनसुद्धा नाही. आई, गुडघ्याचे व्यायाम पलंगावर बसून, जमिनीवर नाही. आणि शिळं संपवायचं व्रत आता सोड.

एक काम मात्र करा बाबा. फळीवरची दोनशे पानी वही घ्या आणि ब्रास स्क्रेपिंग पहिल्या पायरीपासून लिहून काढा, एका ओळीत एकच पायरी. रोज अर्धं पान, डोळे थकले की आईला सांगा, ती लिहील. फक्त पानाच्या डाव्या अर्ध्यातच लिहा. उजवीकडे, ती पायरी तशीच का, हे मी सुट्टीत येऊन तुम्हाला विचारून लिहिणार आहे.

तुमची,
ठमी