इकोच्या खोलीतल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

मी तुम्हाला आठवणार नाही. दिवसभरात कितीतरी बाळं इकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, तुमच्या त्या अंधाऱ्या खोलीत येतात, रडतात, छातीवरचं जेल पुसून घेतात आणि परत जातात. माझी लेक तेव्हा चार महिन्यांची होती. दूध पिताना तिच्या कपाळावर घाम यायचा. चार घोट घेतले की दमून थांबायची, धापा टाकायची. वजनाचा काटा हलत नव्हता. डॉक्टरांना स्टेथोस्कोपमधून मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जास्तीचा आवाज, ऐकू आली आणि त्यांनी चिठ्ठीवर ‘व्हीएसडी’, म्हणजे हृदयाच्या आतल्या पडद्याला छिद्र, असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

त्या प्रश्नचिन्हाचं उत्तर घरात सगळ्यांनी एकच दिलं. सासूबाई म्हणाल्या, “मधुबालेला होतं तेच ना गं हे?” आत्यांनी फोनवर तेच विचारलं, शेजारच्या काकूंनीही तेच. हृदयाला छिद्र म्हटलं की आपल्याकडे दुसरं नाव कुणाच्या तोंडी येतच नाही. आणि मधुबाला म्हणजे ऐन उमेदीत गेलेली. तिचा हसरा फोटो सासूबाईंच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेला होता. त्या आठवड्यात मी ते दार उघडायचं बंद केलं होतं.

तुम्ही लेकीच्या छातीवर प्रोब ठेवलात, पडद्यावर लाल-निळे रंग उसळले आणि मला राहवलं नाही. “मधुबालाला होतं तसं आहे का हो?” एवढं विचारून मी रडायला लागले. तुम्ही म्हणालात, “रिपोर्ट डॉक्टर सांगतील, तो मी सांगायचा नसतो. पण मधुबालाबद्दल मी सांगू शकते. बसा.”

पुढची वीस-पंचवीस मिनिटं तुम्ही मला दिलीत. बाळ झोपलं होतं, तुम्ही मापं घेत होतात आणि हळू आवाजात बोलत होतात. त्याबद्दल हे पत्र.

तुमचं पहिलंच वाक्य अजून कानात आहे: “ती प्रेमभंगानं गेली, हे आधी डोक्यातून काढून टाका.” तुम्हाला त्या गोष्टीचा खरंच राग होता. एवढी राबणारी बाई, आणि लोकांनी तिच्या आजाराचीसुद्धा प्रेमकहाणी करून टाकली. छिद्र तिला जन्मापासून होतं. १४ फेब्रुवारी १९३३ ला दिल्लीत मुमताज जहान बेगम देहलवी जन्मली, तेव्हाच ते तिच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात होतं. वडिलांची नोकरी गेल्यावर कुटुंब मुंबईला आलं. १९४२ च्या ‘बसंत’मध्ये ती बालकलाकार होती, ‘नीलकमल’ची नायिका झाली तेव्हा चौदा वर्षांची. घर तिच्या कमाईवर चालत होतं. ज्या वयात माझी लेक शाळेचं दप्तर पाठीला लावेल, त्या वयापासून ती स्टुडिओत जात होती, आणि आत काय चाललंय हे कुणाला माहीत नव्हतं.

मग तुम्ही पडद्यावर बोट ठेवून दाखवलंत. डावीकडचा दाब जास्त, म्हणून रक्त छिद्रातून उजवीकडे ढकललं जातं आणि फुप्फुसांकडे गरजेपेक्षा जास्त जातं. छिद्र लहान असेल तर पुष्कळदा आपोआप बुजतं. मोठं असेल आणि वर्षानुवर्षं तसंच राहिलं, तर फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या जाड होत जातात, तिथला दाब चढत जातो आणि एक दिवस प्रवाहाची दिशाच उलटते. त्यानंतर छिद्र बंद करून उपयोग नसतो. “सगळा खेळ वेळेचा आहे,” तुम्ही म्हणालात, “तुम्ही चौथ्या महिन्यात आलात.”

मला धीर आला तो या एका वाक्यानं. बाकीचं मी नंतर, लेक आयसीयूत असताना, बाहेरच्या बाकड्यावर बसून वाचलं. वाचताना तुमचाच आवाज ऐकू यायचा.

वर्षं बघा, ताई. तुम्ही वापरता त्या इकोची सुरुवात १९५३ ला स्वीडनमधल्या लुंडला झाली. एडलर आणि हर्ट्झ या दोघांनी ध्वनिलहरींनी हृदयाची हालचाल पहिल्यांदा नोंदवली. २६ मार्च १९५४ ला अमेरिकेत मिनेसोटात डॉ. लिलेहाय यांनी एका बाळाचं असलं छिद्र पहिल्यांदा उघड्या हृदयावर शिवलं. हृदय-फुप्फुसाचं काम करायला यंत्र जोडलेलं नव्हतं, बाळाच्या वडिलांचं रक्ताभिसरण बाळाला जोडलेलं होतं. शस्त्रक्रिया झाली, पण बाळ अकरा दिवसांनी गेलं. आणि त्याच १९५४ मध्ये मद्रासला ‘बहुत दिन हुए’च्या सेटवर मधुबालाला रक्ताची उलटी झाली. उपाय नुकता जन्माला येत होता, तोही सातासमुद्रापार, आणि ती एकवीस वर्षांची झाली होती.

मद्रासला तिची शुश्रूषा केली ती निर्माते एस. एस. वासन आणि त्यांच्या पत्नीनं. ही गोष्ट मी दोनदा वाचली. नायक, दिग्दर्शक, खटले यांवर लोकांनी पानंच्या पानं लिहिलीत. परक्या शहरात एका आजारी मुलीच्या उशाशी बसलेल्या त्या बाईंबद्दल एखादी ओळ सापडते. मला त्या जवळच्या वाटल्या. का, ते तुम्हाला कळेल.

बरी होऊन ती पुन्हा कामावर गेली. आजार सिनेसृष्टीला कळू नये याची काळजी घेतली. ‘मुघल-ए-आझम’च्या कैदखान्यात तिच्या अंगावर खऱ्या लोखंडी साखळ्या होत्या. आम्ही सगळ्यांनी तो प्रसंग डोळे भरून पाहिलाय. आता तो पाहताना मला तिचा श्वास ऐकू येतो.

आणि या सगळ्यात ती मजेतही जगली, हे सांगायला तुम्ही विसरला नाहीत. पार्ट्यांना फारशी जायची नाही. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, म्हणून गायिका-अभिनेत्री सुशीलाराणी पटेल यांच्याकडे इंग्रजी शिकली, तेही थोड्या महिन्यांत. गाडी चालवायची हौस होती. घरात अल्सेशियन कुत्री होती. १९५० मध्ये पूर्व बंगालच्या निर्वासितांसाठी तिनं ५०,००० रुपये दिले होते. त्या काळचे पन्नास हजार! सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या. म्हणाल्या, “आम्ही नुसता चेहराच बघत बसलो गं.”

१९६० मध्ये लग्नानंतर ती लंडनला उपचारांसाठी गेली. तिथल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करायला नकार दिला. फार तर दोन वर्षं, असं सांगितलं. ती जवळपास नऊ वर्षं जगली. तिच्या धाकट्या बहिणीनं, मधुर भूषण यांनी, मुलाखतींत सांगितलंय की नाकातोंडातून रक्त यायचं, डॉक्टर घरी येऊन रक्त काढून न्यायचे, दर काही तासांनी ऑक्सिजन द्यावा लागायचा. अशा अवस्थेतही तिला स्वतः चित्रपट दिग्दर्शित करायचा होता, तयारीही सुरू केली होती. २३ फेब्रुवारी १९६९ ला ती गेली. छत्तिसावा वाढदिवस होऊन नऊ दिवस झाले होते.

ताई, माझ्या लेकीचं छिद्र मोठं होतं. सातव्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली, पॅच लावून ते बंद केलं. सर्जनचे, भूलतज्ज्ञांचे, रात्रपाळीच्या सिस्टरांचे आभार आम्ही पाया पडून मानले. तुमचे राहिले. डिस्चार्जच्या दिवशी मी तुमच्या खोलीपर्यंत आले होते, पण दारावरचा लाल दिवा लागलेला होता आणि बाहेर एक आई बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती. तिचा वेळ घ्यावासा वाटला नाही.

तुमच्या कामात बोलणं बसत नाही, हे मला माहीत आहे. मापं घ्यायची, चित्रं साठवायची, पुढचं बाळ घ्यायचं. तरी तुम्ही बोललात. रिपोर्टबद्दल खोटा दिलासा दिला नाहीत, “काही होत नाही हो” म्हणाला नाहीत. ज्या नावाची मला भीती वाटत होती, त्या नावाच्या बाईची ओळख करून दिलीत. घरी येऊन मी कपाटाचं दार उघडलं. फोटो तिथंच होता.

लेक आता पाच वर्षांची आहे. जिना धावत चढते आणि वर पोचून मला हाका मारते. छातीवरच्या उभ्या व्रणाला ती ‘माझी चेन’ म्हणते, झिपची चेन. पुढच्या महिन्यात आमचा फॉलोअप आहे. इको तुमच्याकडेच व्हावा अशी इच्छा आहे. तिला विचारायचंय की पडद्यावर लाल-निळं काय दिसतं, आणि मी म्हटलंय की ते ताईच सांगतील.

पाकिटात मधुबालाचं टपाल तिकीट ठेवलंय, २००८ मध्ये निघालेलं. सासूबाईंनी शोधून आणलं. त्यांनी सांगितलंय, ते तुमच्या मशीनच्या बाजूला लावा, येणाऱ्या आयांना दिसेल असं.

तुमची,
एका लेकीची आई