निनादला, मामांच्या हाती

नागपूर,
१२ एप्रिल

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

मामा उद्या साकोलीला जाताहेत, त्यांच्याजवळ डबा आणि हे पत्र देते आहे. फोनवर आपलं बोलणं भांडणावरच जातं, म्हणून लिहिते.

अस्वलाचा फोटो पाहिला. जिप्सीतून काढला, असं तू बाबांना सांगितलंस. त्यांना पटलं, मला नाही. बेटा, जिप्सीतून काढलं की जनावराची पाठ दिसते, मागे जमीन येते. तुझ्या फोटोत पुढचं गवत धुरकट, मागे झाडांचे बुंधे आणि अस्वलाची नजर सरळ माझ्या नजरेत. म्हणजे कॅमेरा जमिनीपासून वीतभर वर आणि तू पोटावर. नागझिऱ्यात तर गाडीतून पाय खाली टाकू देत नाहीत. मग हे कुठलं? कुठल्या तरी गावच्या शिवारातलं, मोहाखालचं, हो ना?

आणि तिच्या पाठीवर पिल्लू आहे.

फोटो फार छान आलाय, हे आधी लिहायला हवं होतं. काळं जनावर काढणं सोपं नाही. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरच्या भरवशावर राहिलं तर काळ्याचं राखाडी होतं, उजेड फार कमी केला तर नुसता डांबराचा गोळा. तुझ्या अस्वलाचा मानेवरचा केस न् केस सुटा दिसतो, छातीवरचा पांढरा पट्टाही विरलेला नाही. असा प्रिंट काढायचा तर डार्करूममध्ये मला हाताने उजेड अडवत किती कागद वाया घालवावे लागले असते! मोठी प्रिंट काढून आणली, धंतोलीच्या मावशीला दाखवली. ती म्हणाली, वाघ नाही का भेटला? तिला काय सांगावं.

पण पोटावर झोपत जाऊ नकोस. वाघाचं मला एवढं वाटत नाही. अस्वलाला दिसतं कमी, सगळी मदार नाकावर. वारा त्याच्याकडून आपल्याकडे असला की अगदी जवळ येईस्तोवर त्याला माणूस कळत नाही, आणि दचकलं की थेट तोंडावर येतं. त्यात पिल्लूवाली. तुमच्याकडे आता मोह टपकत असेल. बाया पहाटे वेचायला वाकतात, अस्वलंही त्याच फुलांना येतात, आणि उन्हाळ्यात पेपरात ती बातमी येतेच. त्या बायांना पोटासाठी वाकावं लागतं. तुला काय गरज आहे?

हे तुला लागेल. तुझ्या कामाला कमी लेखत नाही रे. बाबांसमोर त्या दिवशी जे बोलले ते रागात होतं, सोडून दे.

अंबाझरीची टिटवी आठवते? चौथीत होतास. उघड्या खड्यांत तिची अंडी, ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडतेय आणि तू हलायला तयार नाहीस. अंडी उन्हात शिजतील, तिला बसू दे, म्हणून दंडाला धरून ओढत नेलं तुला. मग इतवारीतल्या लग्नाचा म्हणून रोल धुवायला घेतला तर ३६ च्या ३६ टिटव्या! बाबा दोन दिवस बोलले नाहीत तुझ्याशी. निगेटिव्ह मी ठेवलीय, त्यांना माहीत नाही. तेव्हाही तू पोटावरच होतास.

आता तरी घरट्यापुढची फांदी मोडून कुणी फोटो काढत असेल तर त्याला हटकत जा. सावली गेली की पिल्लं तापतात, कावळ्यांनाही दिसतात. तुला हे ठाऊक आहे, तरी लिहिलं.

डब्यात सांडगे आणि संत्रा बर्फी आहे. बर्फी आधी संपव. इथे ऊन मी म्हणतंय, कूलरची खस कालच बदलली. दुपारी डोक्याला बांधल्याशिवाय निघू नकोस, खिशात कांदा ठेव, हसायचं तर हस.

रविवारी रेंज असेल तिथून फोन कर, आणि अस्वलाची मूळ फाईल मामांच्या पेनड्राईव्हमध्ये टाकून दे. व्हॉट्सॲपवरची मोठी केली की दाणे पडतात. शिवाय मूळ फाईलमध्ये किती एमएमच्या लेन्सवर काढलाय तेही असतं, आणि त्यावरून अंतर काढता येतं मला.

तुझी,
आई