मेजर राणे यांचे काम सांगा

महोदय,

परमवीर चक्र मिळवून हयात राहिलेले मेजर रामा राघोबा राणे ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात निवर्तले. स्मृतिदिनी ‘शूर’ एवढेच न छापता त्यांचे कामही छापावे, ही कळकळीची विनंती.

एप्रिल १९४८, पाकिस्तानशी युद्ध चालू; जम्मू-काश्मीरमधील नौशेरा-राजौरी रस्ता. शत्रूने सुरुंग पेरलेले, झाडे आडवी पाडलेली. हे अडथळे हटल्याखेरीज आपले रणगाडे हलणार नव्हते. पहिल्याच दिवशी उखळी तोफांच्या माऱ्यात दोन सॅपर (सुरुंग काढणारे अभियंता दलाचे जवान) ठार झाले, राण्यांसह पाच जखमी. तरीही राणे रणगाड्याच्या पोटाखाली, त्याच्याच वेगाने सरपटत गेले. चालकाशी बोलणे अशक्य, म्हणून दोरी ओढून ‘थांब’, ‘चल’ची खूण. सुरुंग असे निघाले! ११ तारखेला याच रस्त्यावरील चिंगसपर्यंत वाट मोकळी झाली. त्या रात्री दहापर्यंत पुढचे काम चालूच होते.

– एक वाचक, पुणे