जोची टोपी

रोचेस्टर, केंट
रविवार सकाळ

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर रोज बोलतो, तरी हे मला पत्रातच लिहायचं होतं. फोनवर असं काही काढलं की बाबा, तुम्ही ‘बरं बरं, आईशी बोल’ म्हणता.

आमच्या वाचनगटात सध्या चार्ल्स डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी चालू आहे. डिकन्सने ती १ डिसेंबर १८६० पासून आपल्याच साप्ताहिकात दर आठवड्याला थोडी थोडी छापली. आई, मासिकातल्या ‘क्रमशः’साठी तू पोस्टमनची वाट बघायचीस, अगदी तसे इथले लोक तेव्हा थांबायचे. तुम्ही आला होतात तेव्हा आपण कूलिंग गावातल्या चर्चला गेलो होतो बघ. तिथल्या तान्ह्या मुलांच्या तेरा थडग्यांपाशी तू किती वेळ उभी होतीस! कादंबरी उघडते ती तसल्याच थडग्यांपाशी. डिकन्सने तिथे पाच केली आहेत.

गोष्टीतला पिप अनाथ. बहिणीने आणि तिच्या नवऱ्याने, जोने, त्याला वाढवलेलं. जो लोहार आहे. पुढे पिपला अचानक पैसा मिळतो, तो लंडनला जाऊन साहेब होतो आणि एक दिवस जो त्याला भेटायला येतो. नवे कपडे अंगाला टोचताहेत, तोंडात मधूनच ‘सर’ येतंय. टोपी शेकोटीवरच्या फळीच्या कडेला ठेवतो, ती पडते. उचलून ठेवतो, परत पडते. पिप आतून चिडलेला.

या सत्ताविसाव्या प्रकरणावर आमची अख्खी बैठक गेली. एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, पिपला माफी नाही. एक मुलगा म्हणाला, तो स्वतःच तर सांगतोय सगळं, लाज वाटते म्हणूनच सांगतोय. मला त्याचं पटलं. मग आयुष्यभर बस चालवलेले एक आजोबा म्हणाले, “टोपी पडते कारण या घरात आपली वस्तू कुठे ठेवायची हेच त्याला कळत नाही.”

बाबा, मला तुमची कापडी पिशवी आठवली. माझ्या घरी पहिले आठ दिवस तुम्ही ती मांडीवरच घेऊन बसायचात. ‘ठेवा ना खाली’ असं मी दहादा म्हटलं असेन, पण ही तुमची जागा असं दाखवलं नाही.

आणि ती बस. तुम्ही काकांशी फोनवर बोलत होतात, आवाज नेहमीचाच. मी इकडेतिकडे बघितलं आणि म्हटलं, “हळू बोला ना, बाबा.” तुम्ही फोन ठेवून दिलात. मग घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलात. चुकले मी, बाबा. त्या बसमध्ये तुमच्या आवाजाचा कुणालाही त्रास नव्हता. लाज मला वाटली होती, आणि ती तुम्हाला दिसली.

निघताना जो पिपला सांगतो की या कपड्यांत मी चुकीचा दिसतो, भट्टीपाशी हातात हातोडा घेतलेला मला बघशील तर एवढे दोष दिसणार नाहीत. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या सिंकखाली आडवे झालेले तुम्ही होतात. शेजाऱ्याकडून पान्हा मागून आणलात, वॉशर बदललात आणि तिथूनच ओरडलात, “आता सोड पाणी!” महिन्याभरात तेवढाच एकदा तुमचा तो एसटी वर्कशॉपमधला आवाज ऐकला. नळ अजून एक थेंब गळत नाही.

मे महिन्यात या. आई, पुढची बैठक तेव्हाच आहे, तुला घेऊन जाईन. तू मराठीत बोल, मी त्यांना सांगेन. ती थडगी बघून तुला काय वाटलं ते त्यांना ऐकायचंय. बाबा, दाराशेजारी एक मोठा खिळा ठोकलाय, पिशवीसाठी. मागचं फाटक कुरकुरतंय, त्याला मी कुणाला हात लावू दिलेला नाही. तुमचा पान्हा मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत.

गुडघ्याचं तेल संपलं असेल तर लगेच कळवा.

तुमची,
बाळी