१०१४ कुणाचा?

सांगली, रविवार

प्रिय बंड्या,

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही, राग धरू नकोस. तब्येत बरी. आईचे गुडघे तसेच.

पतसंस्थेत जे घडलंय ते तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही. ताईने नोकरी सोडल्यावर सर्व्हरवरचं तिचं खातं पुसलं, फाइली मात्र राहिल्या. तिच्या खात्याचा आकडा १०१४, यादीतला शेवटचा. मग नवा पोरगा लागला. सर्व्हर चालवणारी यंत्रणा, लिनक्स, नवं खातं काढताना असलेल्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या पुढचा देतं, तो निघाला पुन्हा १०१४! फाइलीवर मालकाचं नाव नसतंच रे, नुसता आकडा असतो; नाव पासवर्डच्या यादीतून उचलून दाखवतात. ताईने ६०० लावून, म्हणजे फक्त स्वतःला उघडेल अशी ठेवलेली फाइल एका रात्रीत त्या पोराची झाली. आत काय आहे ते तू जाणतोस. साहेबांविरुद्धचा अर्ज. आणि पोरगा साहेबांचा भाचा.

बेवारस फाइली शोधायची आज्ञा चालवली, तर एकही सापडली नाही. सापडणार कशी, त्यांना वारस मिळालाय! सर्व्हरच्या नोंदवहीतही दोघं एकच, तारखेवरून ओळखायचं.

होस्टेलवर तू ‘प्रोग्रॅममध्ये नावच साठव’ म्हणून भांडलास, भडंगाची अख्खी पुडी माझ्या डोक्यावर ओतलीस. लग्नानंतर बाईचं नाव-आडनाव बदलतं, आकडा बदलत नाही, हे माझं म्हणणं आजही खरंय. फक्त तो आकडा माणूस गेल्यावर दुसऱ्याला मिळता कामा नये. तुझ्या लाडक्या विंडोजने ते नीट केलंय: तिथला एसआयडी, म्हणजे खात्याचा ओळख-आकडा, एकदा दिला की पुन्हा कुणाला देत नाहीत. घे, जिंकलास एवढ्यापुरता, भडंग तू आण.

आता खातं पुसायचं नाही, कुलूप लावून ठेवायचं, असं मी लेखी मांडलंय. ताईच्या फाइली रूटच्या, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्याच्या, नावावर केल्या. पण पोराने अर्ज वाचला असेल तर? तो माझ्याशी नजर मिळवत नाही, आणि मला झोप नाही.

तुला साताऱ्यात घर मिळालं का? धाकटीचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार.

ताईची नवी नोकरी तुझ्याच गावात आहे. बुधवारी येऊन मी तिला सगळं सांगणार आहे. तोवर ती भेटली तरी बोलू नकोस, तिला माझ्याकडूनच कळू दे.

तुझा,
आप्पा