व्यसनमुक्ती आणि क्षयरोग-काविळीचे उपचार एकाच केसपेपरावर मिळावेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

तुर्भे, रबाळे, घणसोली, कळवा, वागळे इस्टेट या कष्टकरी वस्त्यांमध्ये दारूच्या किंवा गर्दाच्या आहारी गेलेल्या माणसाला क्षयरोग किंवा कावीळ झालेली असणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. दारूने प्रतिकारशक्ती खालावते, पोटात अन्न जात नाही, आणि दहा बाय दहाच्या खोलीत खोकल्याची लागण व्हायला वेळ लागत नाही. एकच सुई चार जणांनी वापरली, तर हिपॅटायटिस बी व हिपॅटायटिस सी (यकृताला सूज आणणारे, कावीळ घडवणारे विषाणूजन्य आजार) आणि एचआयव्ही यांचा मार्ग मोकळा होतो. रोग असे हातात हात घालून येत असताना त्यांच्यावरचे उपचार मात्र वेगवेगळ्या इमारतींत, वेगवेगळ्या वारी आणि वेगवेगळ्या केसपेपरांवर घ्यावे लागतात. त्याचा जाच कसा होतो, हे संबंधितांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र.

संसर्गजन्य आजारांच्या बाबतीत सरकारने खरोखरच मोठे काम केले आहे, हे आधी सांगितले पाहिजे. क्षयरोगाची औषधे मोफत मिळतात आणि पोषणासाठी रुग्णाच्या बँक खात्यात दरमहा जमा होणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले आहेत. एचआयव्हीची औषधे २००४ पासून मोफत आहेत. हिपॅटायटिस सी वर तर २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात साधारणपणे बारा आठवड्यांच्या गोळ्या विनामूल्य दिल्या जातात आणि त्या नीट घेतलेल्या शंभरांपैकी नव्वदहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. परंतु या साऱ्या गोळ्या वेळच्या वेळी पोटात जायच्या, तर माणूस थोडातरी ताळ्यावर हवा, आणि नेमके तिथेच घोडे अडते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूचे व्यसन जडलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला कोणत्याही स्वरूपाचे उपचार मिळाले होते.

मी कोपरखैरण्यात महिला बचत गटाचे काम पाहते. आमच्या गटातील एका बाईंचे यजमान वाशीच्या बाजार समितीत कांदा-बटाट्याच्या गोणी उचलतात. त्यांना क्षयरोग झाला, औषधे सुरू झाली, पण दारू सुटेना. अखेर बाईंनी गटातून कर्ज काढून त्यांना शहराबाहेरच्या एका खासगी व्यसनमुक्ती केंद्रात ठेवले. आत घेताना तेथील माणसाने त्यांची पिशवी उलटी केली आणि विडी-तंबाखूबरोबर क्षयरोगाच्या गोळ्यांची पाकिटेही काढून घेतली, कारण बाहेरची कोणतीही गोळी आत न्यायची नाही असा त्यांचा नियम होता. नियमामागचा हेतू वाईट नव्हता, पण ती पाकिटे वाचून पाहणारे कोणी तिथे नव्हते. भेटीला परवानगी मिळून बाई गेल्या, तेव्हा कुठे हे उघडकीस आले. क्षयरोगाचा उपचार असा मध्येच तुटला की जंतू औषधांना दाद देईनासे होऊ शकतात, मग सहा महिन्यांचा उपचार आणखी लांबतो आणि घरातल्या लहान मुलांनाही तोच हट्टी रोग होण्याची भीती राहते. कर्जाचा हप्ता बाई अजून फेडत आहेत.

महिनोन्महिने कोंडून ठेवणे म्हणजेच व्यसनमुक्ती, ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे आणि या केंद्रांचे अवाच्या सवा दर तिच्यावरच पोसले जातात. दारू एकदम बंद केल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत कंप, झटके आणि भ्रम होऊ शकतो; तेवढ्या काळात बहुतेकांना डॉक्टरांच्या देखरेखीची आणि औषधांची गरज असते, व काहींना रुग्णालयात दाखल व्हावे लागते. त्यानंतरचा उपचार पुष्कळांना बाह्यरुग्ण विभागातून, घरी राहून आणि कामावर जाऊन घेता येतो. गर्दासारख्या अफूजन्य नशेवर ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज कर्मचाऱ्यांसमोर जिभेखाली ठेवून घेण्याची पद्धत राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात कित्येक वर्षे चालू आहे. सुई सुटली की लागणही थांबते. म्हणजे ही गोळी व्यसनावरचा उपचार आहे तितकीच संसर्ग रोखणारीही आहे.

हे दोन उपचार एकाच डॉक्टरांच्या नजरेखाली असण्याला वैद्यकीय कारणही आहे. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन या औषधामुळे मेथाडोन (हेही अफूजन्य नशेवरचेच औषध) आणि ब्युप्रेनॉर्फिन यांचे रक्तातील प्रमाण घटते, त्यामुळे रुग्णाला पुन्हा तलफ, अंगदुखी आणि जुलाब सुरू होऊ शकतात. एका ठिकाणी काय दिले हे दुसऱ्या ठिकाणी कळले नाही, तर बिचाऱ्याला वाटते की क्षयरोगाच्या गोळ्याच बाधल्या, आणि तो दोन्हीकडे जाणे सोडतो. क्षयरोगाच्या काही औषधांचा ताण यकृतावर येतो. दारू पिणाऱ्याचे किंवा हिपॅटायटिस असणाऱ्याचे यकृत आधीच दुबळे झालेले असते, त्यामुळे रक्ततपासणीचा एकच अहवाल सर्वांच्या समोर असायला हवा.

व्यसनावरील उपचारांच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मध्ये दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजारांतच धरल्या आहेत, परवडणाऱ्या दरात उपचार मिळणे हा हक्क मानला आहे आणि दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना सरकारी संस्थांत ते विनामूल्य द्यावेत असे म्हटले आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत; ठाण्याचे जिल्हा रुग्णालय आणि प्रादेशिक मनोरुग्णालय त्यातच मोडतात. पण ऐरोलीच्या किंवा तुर्भ्याच्या रोजंदारी कामगाराने दर आठवड्याला ठाणे गाठायचे म्हणजे खाडा आला, आणि खाडा पडला की त्या दिवशीची मजुरी गेली.

म्हणून ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांना माझी कळकळीची विनंती आहे की, ज्या नागरी आरोग्य केंद्रांत क्षयरोगाची औषधे दिली जातात तिथेच आठवड्यातून किमान दोन संध्याकाळी व्यसनमुक्तीचा बाह्यरुग्ण विभाग सुरू करावा, तेथील औषधे मोफत ठेवावीत, आणि हिपॅटायटिस व एचआयव्हीची तपासणी रुग्णाच्या संमतीने व गोपनीयता राखून तिथल्या तिथे करावी. खासगी केंद्रांच्या तपासणीत नोंदणीबरोबरच एक साधी गोष्ट पाहावी: दाखल रुग्णाची क्षयरोगाची किंवा एचआयव्हीवरील (एआरटी) औषधे चालू ठेवण्याची जबाबदारी तिथे कोणाकडे आहे आणि तिची रोजची नोंद होते का. तोवर १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १०९७ ही एचआयव्हीविषयक माहितीची मोफत राष्ट्रीय मदतवाहिनी, हे दोन क्रमांक बाजार समितीच्या गाळ्यांवर, ट्रक टर्मिनलवर आणि एमआयडीसीतील कारखान्यांच्या फाटकांवर ठळक मराठी-हिंदीत लावण्याची व्यवस्था महापालिकेने या महिन्यातच करावी.

आपली विश्वासू,
एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई